न बोलता लावायची बोली

बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून उभे असतात. आत बोटं दाबली जातात, सुटतात, पुन्हा दाबली जातात. वर चेहऱ्यावर रेषही हलत नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी ठरलं. लासलगावला याच्या अगदी उलट. तिथे कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापाऱ्यांचा घोळका जमतो आणि आकडे सगळ्यांच्या कानांवर पडतील असे पुकारले जातात. जुन्या हत्यारांचे ऑनलाइन लिलाव दिसायला लासलगावसारखे असतात. आकडा पडद्यावर चढताना सगळ्या जगाला दिसतो, उरलेली मिनिटं दिसतात, किती जण डोळा ठेवून आहेत तेही कधी कधी दिसतं. पण खरं काय ते उपरण्याखालीच ठरतं. हे उमजायला मला सहा वर्षं लागली आणि त्या सहा वर्षांत जे पैसे मी घालवले त्यात पुण्यात एक बरी मोटारसायकल आली असती.

लेस्टरला मी एकवीस वर्षं नोकरी केली. तिथे आमचा पाच जणांचा एक गट जमला. साताऱ्याकडचे एक डॉक्टर, साउथॉलचे एक सरदारजी (त्यांना सगळेच पाजी म्हणत), एक निवृत्त इंग्रज शाळामास्तर, मोडी वाचणाऱ्या एक नागपूरकर काकू आणि मी. तलवारी, कट्यारी, बिचवे, जांबिये, एखादं चिलखताचं कडं असं परवडेल ते आम्ही घेत असू. राजेमहाराजांच्या वस्तू आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. इंग्लंडमधल्या लहानसहान गावांच्या लिलावघरांत, कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून निघालेला गंजका माल, तोच आमचा प्रांत. पुढच्या पानांत आहेत ती आमच्या या गटाची टिपणं. कोणती वस्तू कशी पाहावी, किती बोली लावावी, कधी लावावी, कुणाच्या वाटेला जाऊ नये. प्रस्तावना माझ्याकडे आली ती विद्वत्तेमुळे नव्हे. गटात सर्वांत जास्त चुका माझ्या नावावर आहेत, म्हणून.

पहिली चूक सांगतो, कारण या पुस्तिकेतलं निम्मं शहाणपण तिच्यातून निघालं आहे.

एका लिलावात एक कट्यार आली होती. वर्णनात नुसतं ‘पौर्वात्य खंजीर’ लिहिलेलं. फोटोत पात्याचं टोक जाड केलेलं दिसत होतं. साखळीच्या चिलखतातून घुसावं म्हणून जुने कारागीर टोक तसं ठेवत. मी मंगळवारीच बोली लावली, जणू उशीर झाला तर कुणी उचलून नेईल. लिलाव रविवारी संपायचा होता. नव्वद पौंडांवरून आकडा हलायला लागला. मी वाढवला की समोरचा वाढवी. रविवारी रात्री मी ती कट्यार ६१० पौंडांना घेतली. तिची रास्त किंमत तीनशेच्या आसपास असावी, हे मला त्या वेळीही माहीत होतं. सोमवारी डॉक्टरांचा फोन आला.

“अरे, काल एक सुंदर कट्यार हातची गेली. कुणीतरी वेडा माणूस होता समोर. सोडायलाच तयार नाही.”

“डॉक्टर, तो वेडा मीच.”

बराच वेळ दोघेही हसत होतो. मग हसू ओसरलं आणि हिशेब मांडला. आम्ही दोघांनी मिळून एका अनोळखी विक्रेत्याला तीनशे पौंड जास्त दिले होते, आणि ते केवळ एकमेकांशी बोललो नव्हतो म्हणून.

ईबेवर पूर्वी बोली लावणाऱ्याचं टोपणनाव उघड दिसायचं. तेव्हाचे लोक सांगतात की ओळखीचं नाव दिसलं की मित्र आपसूक मागे सरकायचा. २००६-०७ च्या सुमारास ही नावं झाकायला सुरुवात झाली. नावातली दोन अक्षरं आणि मध्ये तारका. कारण चांगलंच होतं. हरलेल्या गिऱ्हाइकाला गाठून, तीच वस्तू माझ्याकडे आणखी एक आहे, असं सांगणारे ठग फार झाले होते. पण त्या पडद्यामुळे मित्र मित्राला ओळखेनासा झाला आणि जी रीत डोळ्यांनी पाळली जात होती ती तोंडानं पाळायची वेळ आली. तोंड आलं की घोटाळा आला.

कारण, मित्रांनी एकमेकांशी बोलावं, हे इथवर ठीक. पुढे काय बोलावं? “तू ही घे, पुढची मी घेतो” हे मैत्रीतलं सौजन्य वाटतं. पण विकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याच्या वस्तूला दोन गिऱ्हाइकं होती आणि आपण संगनमतानं एक उरवलं. इंग्लंडात याला जुनं नाव आहे, ‘रिंग’. व्यापारी लिलावात एकमेकांविरुद्ध बोली लावत नसत. एक जण वस्तू स्वस्तात उचली आणि नंतर जवळच्या पबमध्ये बसून तिचा खरा लिलाव आपापसांत होई. वरचा पैसा सगळ्यांत वाटला जाई. हे इतकं बोकाळलं की १९२७ मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करावा लागला. बोली न लावण्यासाठी व्यापाऱ्याला काही देणं किंवा व्यापाऱ्यानं ते घेणं गुन्हा ठरला, आणि त्या कायद्याची प्रत लिलावाच्या जागी टांगायची सक्तीही झाली. भागीदारीत खरेदी करायची असेल तर लेखी करार करून तो आधी लिलाववाल्याकडे द्यावा, अशी पळवाट त्यात प्रामाणिक माणसासाठी ठेवली आहे.

हा कायदा धंदेवाईकांसाठी आहे, हौशी मित्रांना लागू नाही, असं डॉक्टर म्हणतात. अक्षरशः बघितलं तर बरोबर आहे. त्यांचं वेगळं टिपण आत छापलं आहे, वाचकांनी ते जरूर वाचावं. मला ते पटत नाही. लहान गावच्या लिलावात येणारी वस्तू पुष्कळदा घर आवरणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईची असते. नवऱ्याच्या आजोबांनी हिंदुस्थानातून आणलेली तलवार आपल्याला काय करायची, म्हणून तिनं ती दिलेली असते. तिचं नुकसान आपल्याला पडद्यावर दिसत नाही, एवढंच. गटात शेवटी जी रीत ठरली ती अशी: सांगायचं, पण ठरवायचं नाही. “मी अमुक क्रमांकावर नजर ठेवून आहे,” एवढं सांगता येतं. समोरच्यानं मनानं माघार घेतली तर तो त्याचा मोठेपणा. “मीही आहे,” असं तो म्हणाला तर विषय तिथेच संपतो आणि दोघं आपापली बोली लावतात. बदल्यात काही द्यायचं नाही, पुढच्या वेळचा वायदा करायचा नाही. हे कागदावर सोपं दिसतं. पाजी दोनदा चिडून दोन-दोन महिने बोलत नव्हते.

याहून नाजूक रीत मताची. कुणी फोटो पाठवून “कसं वाटतं?” असं विचारलं आणि आपण उत्तर दिलं, की त्या वस्तूवर आपले हात बांधले गेले. ज्याला सल्ला दिला त्याच्याविरुद्ध बोली लावणं हा या छंदातला सर्वांत हलका प्रकार मानतात आणि तो विसरला जात नाही. म्हणूनच मुरलेला माणूस फोटो आला की आधी एकच ओळ लिहितो, “मीही पाहतोय, मला विचारू नका.” ही रीत उलटी वापरणारेही भेटतात. ज्या चौघांची धास्ती असते त्या चौघांनाच ते फोटो पाठवतात. भोळे लोक मत देतात आणि बाजूला होतात. मी दोनदा असा बाजूला झालो आहे.

आणि चालू लिलावाबद्दल चारचौघांत बोलू नये, ही तर अगदी बाराखडी. वस्तू चांगली आहे म्हणून कौतुक केलं तर ज्यानं ती शोधून काढली त्याचं नुकसान. खोटी आहे असं ओरडलं तर विक्रेत्याचं नुकसान, आणि आपलं निदान चुकलेलं असलं तर मग विचारूच नका. मुद्दाम नावं ठेवून गिऱ्हाइकं पांगवणारे आणि मग शेवटच्या मिनिटाला स्वतःच घेणारे महाभागही आहेत. हातोडा पडेपर्यंत गप्प राहायचं. ज्या व्यवहाराचं नावच बोलीवरून पडलं, त्यात ही गंमत आहे.

आता डावपेचांकडे येतो. इथे लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे.

ईबेसारख्या ठिकाणी आपण जो कमाल आकडा लिहितो तो लगेच लागू होत नाही. यंत्र आपल्या वतीनं गरजेपुरतंच वाढवतं. जिंकणारा देतो ती रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी वर असते. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं की किंमत दुसऱ्याच्या बोलीवर ठरत असेल तर आपल्या मनातला खरा आकडा लिहिणं हाच शहाणपणा. (१९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्या दिवशी ते वारले.) मग एकदाच खरा आकडा लिहून झोपी का जाऊ नये? शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारायची ही जी ‘स्नायपिंग’ची तऱ्हा, तिची गरज काय?

गरज आहे, आणि जुन्या वस्तूंत विशेष आहे. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर एक सुंदर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपायचा. अ‍ॅमेझॉनचे लिलाव त्या काळी असे होते की शेवटी बोली आली तर वेळ दहा मिनिटांनी पुढे सरके. ईबेवर शेवटच्या क्षणीच्या बोली कितीतरी जास्त निघाल्या, आणि त्यातही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंत जास्त. कारण उघड आहे. संगणकाची किंमत दुकानात विचारता येते. कट्यारीची नाही. ज्याला कळतं त्याची बोली हीच बाकीच्यांसाठी बातमी असते. मंगळवारी मी त्या ‘पौर्वात्य खंजिरा’वर बोली लावली तेव्हा फक्त पैसे लावले नव्हते. इथे काहीतरी आहे, अशी दवंडी पिटली होती.

म्हणून स्नायपिंगला भ्याडपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काही जण याला गनिमी कावा म्हणतात. तो शब्द इथे फार मोठा होतो. ही नुसती स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवण्याची खबरदारी आहे. मात्र तिच्यासाठी आकडा आधी ठरलेला हवा. शेवटच्या दहा सेकंदांत विचार होत नाही, तेव्हा नुसता हात चालतो. आमच्या मास्तरांची पद्धत मला आवडते. वस्तू दिसली त्या दिवशी ते एका चिठ्ठीवर आकडा लिहून घड्याळाखाली ठेवतात आणि लिलावाच्या दिवशी त्यावर एक पेनीही चढवत नाहीत. आकडा सरळ पाचशे नसतो, ५११ किंवा ५२३ असतो. लोकांना गोल आकड्यांची ओढ असते, त्यामुळे पाचशेवर दोन-तीन जण थांबलेले असतात. बारा पौंडांनी मिळालेल्या तलवारी त्यांच्या भिंतीवर तीन आहेत.

लिलावघरांचे वेळ लांबवणारे लिलाव निराळे. तिथे शेवटचा सेकंद नसतोच. तुम्ही बोली लावली की घड्याळ पुन्हा पुढे जातं. तिथे दोनच गोष्टी चालतात, चिकाटी आणि झोप. बोलीच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात, म्हणून ५११ सारखा आकडा घेतला जात नाही. आपली कमाल मर्यादा पायरीच्या कोणत्या बाजूला पडते ते आधी पाहून ठेवावं.

आणि हातोड्याची किंमत म्हणजे आपली किंमत नव्हे. १९७५ मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज आणि सदबीज या दोन्ही मोठ्या घरांनी खरेदीदाराकडून दहा टक्के प्रीमियम घ्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांनी तेव्हा आरडाओरडा केला होता. आज पंचवीस टक्के ही मामुली गोष्ट झाली आहे. समजा हातोडा हजार पौंडांवर पडला. प्रीमियम २५०, त्यावर वीस टक्के कर म्हणजे ५०, ऑनलाइन बोली लावली म्हणून मधल्या संकेतस्थळाचे पाच टक्के म्हणजे ५०, त्यावर कर १०. झाले १,३६०, आणि अजून तलवार तुमच्या दारात आलेली नाही. पुष्कळ लिलावघरं स्वतः पार्सल करत नाहीत, वेगळा माणूस गाठावा लागतो. काही कुरिअर कंपन्या हत्यार म्हटलं की हात वर करतात. तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा उलट्या बाजूनं काढायचा. घरपोच किती परवडेल, तिथून मागे यायचं.

जिंकण्याबद्दलही एक कडू गोष्ट आहे. तेलाच्या जमिनींचे लिलाव अभ्यासणाऱ्या तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये ती मांडली. वस्तूची खरी किंमत कुणालाच नीट ठाऊक नसेल, तेव्हा जिंकतो तो सर्वांत जास्त फसलेला असण्याची शक्यता मोठी. तलवारींत हे रोज घडतं. आपल्याकडच्या तलवारीची मूठ पात्यावर लाखेनं बसवलेली असते. लाख तापवली की मूठ सुटते, दुसऱ्या पात्यावर बसते. एका सुरेख कोफ्तगिरीच्या (सोन्या-चांदीच्या तारेच्या नक्षीच्या) मुठीसाठी मी चांगले पैसे मोजले होते. हातात आल्यावर दिसलं, मूठ अठराव्या शतकातली असेल, पण पातं लग्नाच्या घोड्यावर बसताना धरतात त्या जातीचं होतं. फोटोत पात्याचा मुठीजवळचा भाग नेमका सावलीत होता. विक्रेत्यानं लपवलं असंही म्हणता येत नाही. मी विचारलंच नव्हतं. आता विचारतो: पात्याची लांबी किती, मूठ हलते का, मुठीच्या तोंडाशी लाख जुनी दिसते की चकचकीत, पाठीकडून फोटो मिळेल का. प्रश्न विचारण्याचंही एक तंत्र आहे. फार नेमका प्रश्न केला की विक्रेता सावध होतो आणि वर्णन सुधारतो. पाजी दहा निरर्थक प्रश्नांत एक कामाचा घालतात. हे प्रामाणिकपणात बसतं का, यावर आमचं एकमत नाही.

ज्ञान म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला हवं, कारण इथे आपली बाजू भक्कम आहे आणि ती आपण वापरत नाही. परदेशी विक्रेत्याला लिपी ओळखता येत नाही. मुठीवर किंवा पात्याच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली की तो ‘अरबी मजकूर’ लिहून मोकळा होतो. बिकानेरच्या जुनागडच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर असे देवनागरी ठिपक्यांचे लेख आणि आकडे असतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस महाराजा अनूपसिंगांच्या फौजेनं दक्षिणेत आदोनीहून आणलेली हत्यारंही त्यांत आहेत. ज्याला ते आकडे वाचता येतात त्याला तलवारीचा पत्ता मिळतो.

तंजावरचं उदाहरण तर आपल्या जिव्हाळ्याचं. १८५५ मध्ये भोसल्यांचं ते राज्य कंपनीनं खालसा केलं. पुढच्या दशकात तिथलं शस्त्रागार मोडीत निघालं. बरंच लोखंड भंगारात गेलं. सर वॉल्टर इलियट यांच्या धडपडीमुळे निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयासाठी वाचली. हातावर नागफणीसारखी ढाल असलेल्या, कोरीव जाळीच्या त्या दाक्षिणात्य कट्यारी आज जगभर ‘तंजावर’ याच नावानं ओळखल्या जातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या कित्येक जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या संग्राहकाकडून आल्या. १९३५ मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रानं त्यांनी आपला संग्रह तिथे दिला. हत्यारांचा त्यांचा १९३४ चा कोश अजून प्रत्येक संग्राहकाच्या टेबलावर असतो. त्यातल्या चुकाही विक्रेते इमानेइतबारे उतरवून घेतात.

शब्दांच्या स्पेलिंगचाही लाभ होतो. तलवार इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहितात. ‘भारतीय’ हा शब्द न लिहिता ‘तुर्की’, ‘मूरिश’, ‘गुरखा’ असं काहीही लिहिलेलं असतं. काकूंनी त्यांचा पहिला बिचवा ‘कागद कापायची शोभेची सुरी’ या वर्णनाखाली शोधला होता. अशा चुकीचा फायदा घ्यावा का, हा प्रश्न विचारला जातो. खुल्या लिलावात घ्यावा, असं माझं मत. तिथे साऱ्या जगाला पाहायची मुभा असते. पण विक्रेत्यानं थेट विचारलं, “ही काय वस्तू आहे हो?”, तर खरं सांगावं लागतं. खोटं सांगून घेतलेली वस्तू भिंतीवर टांगवत नाही. निदान मला टांगवली नाही, मी ती विकून टाकली.

नाव जोडलं की किंमत कुठे जाते हे सर्वांना ठाऊक आहे. २३ मे २०२३ रोजी बॉनहॅम्सनं टिपू सुलतानाच्या शयनकक्षातली तलवार लंडनमध्ये विकली. अंदाज पंधरा ते वीस लाख पौंडांचा होता. ती एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेली. त्या तलवारीमागे श्रीरंगपट्टण पडल्यानंतर ती मेजर जनरल डेव्हिड बेअर्डला दिल्याचा पुरावा होता. पोलादाचे पैसे फार थोडे, कागदाचे पुष्कळ. आणि कागद नसेल तर? साताऱ्यात २०२४ च्या जुलैत आलेली वाघनखं ज्याची आहेत त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं स्वतःच म्हटलं आहे की अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही. एवढं मोठं संग्रहालय एवढं जपून बोलतं. लिलावाच्या वर्णनात ‘बहुधा’, ‘असं म्हणतात’, ‘घराण्यातली आठवण’ हे शब्द आले की आम्ही तेवढ्यापुरती किंमत शून्य धरतो. चुकलो तर चुकलो.

कायद्याचं प्रकरण आत सविस्तर आहे, इथे दोनच गोष्टी. इंग्लंड आणि वेल्समध्ये पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर २००८ पासून बंदी आहे, पण शंभर वर्षांहून जुन्यांना सूट आहे. हस्तिदंती मुठींवर जून २०२२ पासून तिथला कडक कायदा लागू आहे. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परदेशी पाठवता येत नाही. आणायची झाली तर शस्त्र कायदा आणि सीमाशुल्क दोन्ही आधी विचारावेत, बोली लावल्यानंतर नव्हे.

आणि आता एका फिरंगेची, म्हणजे युरोपी पात्याच्या तलवारीची, गोष्ट. २९ एप्रिल २०२५ ला सदबीजच्या लंडनमधल्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आली. पातं युरोपी घडणीचं, पाठीवर सोन्याच्या अक्षरांत देवनागरी लेख, त्यात रघोजी भोसले सेनासाहेब सुभा हे नाव स्वच्छ. मोठ्या घरांचे कॅटलॉग काही आठवडे आधी प्रसिद्ध होतात. मी ती पाहिली होती. काकूंनाही दाखवली, लेख त्यांनी एका दमात वाचला. नागपूरच्या म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग आम्ही दोघं आमच्या रीतीप्रमाणे गप्प बसलो. आमच्या आवाक्यातली वस्तू नव्हती, तरी गप्प बसलो. सवय. २८ तारखेला बातमी महाराष्ट्रात फुटली. सरकारला थेट बोली लावता येत नव्हती, मध्यस्थामार्फत धावाधाव करावी लागली. वाहतूक, विमा वगैरे धरून ४७ लाख १५ हजार रुपयांत ती मिळाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आली. मिळाली हे नशीब. एका दिवसात एवढं होणं ही दर वेळी धरून चालायची गोष्ट नाही.

काकूंनी त्यानंतर मला जे सुनावलं त्यामुळे या पुस्तिकेत एक प्रकरण वाढलं. गप्प राहण्याची रीत दोन हौशी गिऱ्हाइकांमधली आहे, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या घराण्याचं, गडाचं नाव कोरलेली वस्तू दिसली तर चारचौघांत नव्हे, पण संग्रहालयाच्या अभिरक्षकाला किंवा पुरातत्त्व खात्याला एक खासगी पत्र लगेच जायला हवं. गाजावाजा न करता, कारण गाजावाजानं बोली चढते. मी आधी वाद घातला. मग मान्य केलं. आपल्या संग्रहालयांत वर्षभर परदेशी कॅटलॉग चाळणारा एखादा माणूस नेमला असता तर आम्हा हौशांच्या पत्रांची गरजही पडली नसती.

वाचकांना एक विनंती आहे. लिलाव संपला की विक्रीचं पान बहुतेक ठिकाणी काही महिन्यांत नाहीसं होतं आणि त्याबरोबर फोटोही. वस्तू एखाद्या बंद खोलीत जाते आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तिच्यावरचा लेख कुणाला दिसत नाही. म्हणून देवनागरी किंवा मोडीतली एक ओळ जरी दिसली तरी फोटो उतरवून ठेवा. शेजारी तारीख, लिलावाचं नाव, क्रमांक आणि हातोड्याची किंमत लिहा. वाचता आलं तर वाचा, नाही आलं तर तसंच ठेवा. हातोडा पडल्यानंतर आमच्याकडे पाठवा. मोडी वाचायला काकू अजून आहेत, वय ७८, डोळे उत्तम.